यमाचं प्रतिज्ञापत्र

२१ ऑगस्ट २०२२, रविवार

उल्हास सकाळी म्हणाला, "पद्मजा, तू हे सगळं कुठेतरी लिहून काढ. मला तुझ्या त्या यमाचं चरित्र पाठ झालंय." त्रेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढं ऐकवायचीही सोय नाही. बरं, तर वही.

यमा आमच्या मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये जानेवारीत आला. अफगाण, चौतीस वर्षांचा, गाव काबूलच्या दक्षिणेला लोगर प्रांतात. काबूल पडलं तेव्हा विमानतळावरून निघालेल्यांतला. आम्हा रिटायर्ड मंडळींचा एक ग्रूप आहे, नव्या आलेल्यांना भांडीकुंडी, गाद्या पोचवणारा. मी मिक्सरचं खोकं घेऊन त्याच्या अपार्टमेंटचा जिना चढत होते, तर वरून आवाज आला, "काकू, जपून, तिसरी पायरी मोडकी आहे." खोकं हातातून पडायचंच बाकी होतं! हा पठ्ठ्या तीन वर्षं पुण्यात कॉलेजला होता, कोंढव्यात राहायचा. हिंदी फर्डी, मराठी मोडकीतोडकी. यमा हे तिकडे राजाचं नाव म्हणे. बरोबरची पोरं ओरडायची, "यम आला रे, दार लावा!" हे सांगताना तो हसतो. एरवी फारसा हसत नाही.

कारण बायको पलवशा आणि मुलगी हीला तिकडेच राहिल्यात. विमानतळाच्या गेटपाशी इतकी चेंगराचेंगरी झाली, की दोन वर्षांच्या हीलाला श्वास घेता येईना. पलवशा म्हणाली, यादीत नाव तुमचं आहे, तुम्ही व्हा पुढे, मी हिला घेऊन मागे फिरते. आणि हा पुढे झाला. ते त्याला अजून गिळता आलेलं नाही, मला दिसतं.

आता इथे असायलम, म्हणजे कायमचा आश्रय मिळाला, तरच त्या दोघींना आणता येईल. अर्ज अमेरिकेत उतरल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो, आणि हा उतरला गेल्या सप्टेंबरात, म्हणजे या सप्टेंबरच्या मध्याच्या आत. आणि मोफत वकिलांची रांग ही एवढी लांब. मी म्हटलं, मी लिहिते. तीस वर्षं गाड्यांची सर्व्हिस मॅन्युअल्स लिहिली, मंडळाची स्मरणिका चौदा वर्षं काढली. एका माणसाची हकिगत लिहिता येणार नाही मला?

२४ ऑगस्ट

"ऋताला विचार की," उल्हास ताटावरून म्हणाला. मी हातातला घास परत ताटात ठेवला.

ऋता म्हणजे नीलांबरीची मुलगी. इमिग्रेशनची वकील. पोरगी हुशार आहे, नाही कोण म्हणतं? पण नीलांबरीच्या दारात मी जायचं? अकरा वर्षं आम्ही बोलत नाही. वाण्याच्या दुकानात ती डाळींपाशी दिसली की मी मसाल्यांकडे वळते.

आणि सुरू तिनंच केलं. स्मरणिकेसाठी तिनं आईच्या शेवटच्या आजारपणावर सात पानं लिहून दिली. सात! मी संपादक होते, पाल्हाळ काढला, दीड पान केलं. चांगलं झालं होतं ते. तर बाईंनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला "कसाई" म्हटलं. मग तिचा नवरा बोलला, मग उल्हास बोलला, मग कुणी कुणाला मत दिलं ते निघालं. आता नोव्हायमध्ये दोन मंडळं आहेत, दोन गणपती, दोन दिवाळ्या. मुलांना विचारलं तर दोन का आहेत ते सांगताही येत नाही. "सम ओल्ड फाइट," म्हणतात.

ऋताचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं मी उल्हासला.

२८ ऑगस्ट, रविवार

यमा दुपारी आला. मी आधी तक्ता केला होता: सत्तरच्या दशकातली क्रांती, मग रशियन आले, मग अमेरिकेचा पैसा आणि पाकिस्तानची वाट, मग रशियन गेले, मग आपसात, मग तालिबान, मग अमेरिकन, मग पुन्हा तालिबान. वाचून दाखवला. म्हटलं, बाबा, मला नीट सुरुवात हवी. हे सुरू कुणी केलं?

तो तक्त्याकडे बघत बसला. म्हणाला, "काकू, हे काबूलचं आहे. आमच्या गावात पाण्यावरून झालं."

त्याच्या आजोबांचं आणि शेजाऱ्याचं पाटाच्या पाळीवरून वाकडं होतं. दोन पिढ्यांचं, शिवीगाळ आणि फार तर फावड्याचा दांडा, एवढंच. काबूलमध्ये सरकार बदललं तेव्हा शेजारी पक्षात गेला, पाळी त्याला मिळाली. मग याचा थोरला काका डोंगरात गेला, दुसऱ्या बाजूला. तिथे त्याला बंदूक मिळाली. शेजाऱ्याच्या मुलाकडे आधीच होती. "फावड्याच्या जागी बंदूक आली, काकू. देणारे दर वेळी नवीन. भांडण तेच." त्या काकाला शेजाऱ्याच्या मुलानं मारलं. मग त्याला कुणीतरी मारलं. मग आपण नक्की कुणाच्या बाजूचे, हे जो तो गेलेल्यांवरून ठरवायला लागला. याचा एक मामा सरकारी सैन्यात, आणि मावशीचा मुलगा असद तालिबानमध्ये. दोघं एकाच अंगणात वाढलेले.

मी म्हटलं, "पण मुळात कुणीतरी मिटवायला हवं होतं ना! एवढ्याशा पाण्यावरून!"

उल्हास चहा घेता घेता माझ्याकडे बघत होता. "काय?" म्हटलं. "काही नाही," म्हणाला. या माणसाचं मला कधी कळलंच नाही.

३१ ऑगस्ट

गणपती बसले. यमाला जेवायला बोलावलं होतं. मागे लागलं की हा नको म्हणत नाही, ताटात पडेल ते संपवतो. मी कौतुक केलं, तर म्हणाला, आईची सवय आहे, आमच्याकडे कुणी दारात आलं की आई आधी जेवू घालते, मग नाव विचारते.

मग सांगत सुटला. आजोबांच्या वेळी सरकारी शिपाई आले, आजीनं भाकरी दिली. डोंगरातले आले, त्यांनाही दिली. मग आई सून म्हणून आली आणि तंदूर तिच्या ताब्यात आला. नव्वदच्या काळात आपसात लढणाऱ्या दोन्ही टोळ्या तिच्या हातचं जेवून गेल्या, एक सकाळी, एक संध्याकाळी. अमेरिकन आले, त्यांना चहा. दोन हजार दहाच्या हिवाळ्यात हा पुण्याहून सुट्टीवर गेला होता. संध्याकाळी चार तालिबान आले, बंदुका घेऊन. त्यांत असद. आईनं तंदूर पेटवला, अंडी केली, दही वाढलं. यमानं तस्त धरून चौघांच्या हातावर पाणी घातलं. तिकडे पाहुण्यांच्या हातावर पाणी घालणं घरातल्या धाकट्याचं काम असतं. दोन तास बसले आणि गेले.

मला भरून आलं. केवढी बाई असेल! शत्रू म्हणून दारात आलेल्यालाही आधी ताट. आपल्याकडे तरी दुसरं काय शिकवलं? माझी आई तरी दुसरं काय करायची? रात्री उल्हासला म्हटलं, याच्यासाठी माणसाला कुठल्याही देशानं आत घ्यावं.

५ सप्टेंबर, लेबर डे

सहा पानं झाली. काबूलमध्ये अमेरिकन पैशावर चाललेल्या ऑफिसात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. गेल्या वर्षी असदनं गावात निरोप ठेवला, यमानं घरी येऊ नये. मी "धमकी" लिहिलं. यमा म्हणाला, धमकी की सावधान केलं, मला नाही माहीत. मी म्हटलं, धमकीच ती.

सगळं चोख झालं होतं, पण कोरडं. मॅन्युअलसारखं. म्हणून चौथ्या पानावर यमाच्या तोंडून दोन हजार दहाचा प्रसंग घातला. आईनं आमच्या परंपरेप्रमाणे त्यांचं आनंदानं स्वागत केलं, ताज्या भाकरी वाढल्या, मी स्वतः पाणी घातलं. इंग्रजीत 'ग्लॅडली' लिहिलं. काय सुरेख उतरलाय परिच्छेद!

यमानं वाचलं. दोनदा वाचलं. "काकू, हे हवंच का?"

"अरे, यात तुमचं माणूसपण दिसतं. अधिकारीही माणूसच असतो ना?"

"तुम्हाला जास्त कळतं," म्हणाला आणि सही केली. खाली लिहिलेलं असतं, हे सर्व शपथेवर खरं आहे.

७ सप्टेंबर

पोस्टात टाकलं, पोच घेतली. वर्ष पुरं व्हायला आठ दिवस बाकी होते. उल्हासला म्हटलं, बघ, कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

१९ सप्टेंबर

काहीच घडत नाहीये आणि मला एका जागी बसवत नाही. पँट्री दोनदा आवरली. मेलबॉक्सपाशी दिवसातून चार फेऱ्या होतात. पत्र त्याच्या पत्त्यावर येणार आहे, माझ्या नाही, हे माहीत असून जाते. यमा रोज संध्याकाळी पलवशाशी बोलतो, पण रेंज मिळाली तर. हीलानं परवा फोनवर त्याला "काका" म्हटलं. हे त्यानं मला शिंक आल्यासारखं पटकन सांगितलं आणि विषय बदलला.

२७ सप्टेंबर

इंटरव्ह्यूची तारीख आली. १८ ऑक्टोबर, शिकागो. यमाचा चेहरा उजळला, मी शिरा केला.

संध्याकाळी उल्हास म्हणाला, "मी ऋताला फोन केलाय. इंटरव्ह्यूला बरोबर वकील असलेला बरा. तिनं अर्जाची कॉपी मागितली, मी ईमेल केली." माझ्या पाठीमागे! मी त्याच्याशी बोलत नाहीये.

२९ सप्टेंबर

ऋता ऑफिसातून थेट आली. किती वर्षांनी बघितलं, केस पांढरे व्हायला लागलेत पोरीचे. यमा कामावर होता. चहा नको म्हणाली. "काकू, तुम्ही आधी बसा."

पर्समधून सहा पानं काढली. चौथ्या पानावर पिवळं हायलाइट.

"हा पॅराग्राफ कुणी लिहिला?"

"मी. का? चुकलंय काही?"

"काकू, कायद्यात याला 'मटीरिअल सपोर्ट' म्हणतात. दहशतवादी संघटनेला केलेली मदत. पैसा, शस्त्रं, आसरा, अन्न."

"अन्न?"

"एक वेळचं जेवणसुद्धा धरू शकतात. त्यावर असायलम नाकारू शकतात."

मी म्हटलं, अगं, दारात आलेल्याला जेवायला घातलं! बंदूक घेऊन आला म्हणून काय उपाशी घालवायचं? ऋता म्हणाली, "मला कळतं हो, मीही अशाच घरात वाढलेय. पण त्या अधिकाऱ्याच्या फॉर्ममध्ये याला एकच रकाना आहे." जबरदस्तीनं, भीतीपोटी दिलं असेल तर सूट मिळू शकते, यंदा अफगाण लोकांसाठी थोडं सैलही केलंय. "पण तुम्ही 'ग्लॅडली' लिहिलंय. आणि 'आय' लिहिलंय. पाणी त्यानं घातलं."

काढून टाकता येईल का, विचारलं. शपथेवर दिलेलं मागे घेता येत नाही. जोडपत्र देता येतं, जे खरं ते सविस्तर लिहून.

"पाठवायच्या आधी एक फोन करायचा होता, काकू. आईशी भांडण आहे, माझ्याशी कुठे आहे?"

ती गेल्यावर मी खुर्चीतून उठलेच नाही. उल्हासनं कुकर लावला.

३० सप्टेंबर

त्यानं विचारलं होतं. हे हवंच का, विचारलं होतं त्यानं. आणि मी काय म्हटलं? माणूसपण दिसतं! माझ्या एका परिच्छेदानं त्या तीन वर्षांच्या पोरीची वाट अडली, तर मी काय तोंड दाखवू? आज पहाटेपासून घरभर फिरतेय. देवाजवळ बसले, तिथूनही उठले.

यमाला फोनवर सांगितलं. तो उलट मलाच म्हणाला, "तुम्ही जेवला का, काकू? टेन्शन घेऊ नका." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२ ऑक्टोबर, रविवार

सुट्टीच्या दिवशी ऋताचं काम घरून चालतं आणि घर नीलांबरीचं आहे. म्हणजे जावं लागलं.

दार तिनंच उघडलं. जाड झालीये. मी म्हटलं, "यमाच्या कामासाठी आलेय." ती म्हणाली, "माहीत आहे. चपला राहू देत." बस, अकरा वर्षांनंतर एवढंच. मग ऋता, यमा, उल्हास आणि मी डायनिंग टेबलाशी बसलो, आणि ही ओट्याशी पाठमोरी उभी, सगळं ऐकत.

ऋतानं विचारलं, "ते चौघं आले तेव्हा तुम्हाला भीती वाटली?"

मी मनात म्हणत होते, हो म्हण, बाबा, हो म्हण.

यमा म्हणाला, "नाही."

"बंदुका होत्या."

"बंदुका सगळ्यांकडे असायच्या. आणि असद होता. त्यानं मला पतंग उडवायला शिकवलं. मी त्याला पुण्याचे फोटो दाखवले. तो हसला." मग म्हणाला, "जेवला तेव्हा तो माझा भाऊ होता. बाहेर गेला तेव्हा नव्हता. खोटं बोलू का?"

"अजिबात नाही," ऋता म्हणाली. "मी खोटं लिहिणार नाही आणि तुम्ही बोलणार नाही. पण जेवण आईंनी दिलं. त्यांना काय वाटलं होतं, ते त्यांना विचारलंय कधी?"

यमानं कधीच विचारलेलं नव्हतं. आईला असं कोण विचारतं?

तेवढ्यात ओट्याकडून नीलांबरीनं विचारलं, "त्यांचं नाव काय?"

मी कागद चाळले. सहाही पानांत आईचं नाव नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. "जरघूना," यमा म्हणाला. ऋतानं लिहून घेतलं.

मग नीलांबरीनं न विचारता सगळ्यांना पोहे दिले. मला नको होते, पण यमासमोर तमाशा कशाला, म्हणून खाल्ले. मीठ कमी होतं. आणि आता इतक्या वर्षांनी पोहे खाऊ घातले म्हणजे सगळं मिटलं असं तिला वाटत असेल, तर वाटू दे. सुरुवात तिची होती.

५ ऑक्टोबर

दसरा. लोगरला तीन दिवस फोन लागत नाहीये. यमा गोदामातल्या कामावरून सुटला की गाडीत बसून नंबर फिरवत राहतो. मी इकडे घड्याळ बघत राहते. दिवस तेरा उरले.

८ ऑक्टोबर, शनिवार

लागला!

यमा सकाळीच आला, उभ्याउभ्याच सांगितलं. आईला भीती वाटली होती. कुत्रं भुंकलं तेव्हापासून तिचे हात कापत होते, म्हणून पहिल्या दोन भाकऱ्या तंदूरमध्ये पडून करपल्या. आणि सगळ्यांत जास्त भीती असदचीच वाटली, कारण त्याला घरातलं सगळं माहीत होतं: मामा कुठे नोकरीला आहे, पैसे कुठे असतात, यमा कुठे निजतो. जेवण दिलं नसतं तर मुलाला घेऊन गेले असते, म्हणाली.

मी टाळीच वाजवली. "अरे, मग सुटलो की आपण! हे तर अगदी ऋताला हवं होतं तसंच!"

यमा म्हणाला, "हो. तसंच." चहा घेतला नाही, लाडू हातात दिला तर रुमालात बांधून घेतला. इंटरव्ह्यूचं दडपण आलंय बिचाऱ्याला.

ऋतानं जोडपत्र केलं. मी एका शब्दाला हात लावला नाही. 'जरघूना'चं स्पेलिंग मात्र विचारून घेतलं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार, शिकागो

काल दुपारी निघून तिथे हॉटेलात राहिलो. ऋता विमानानं आली. इंटरव्ह्यू साडेनऊचा. आम्ही दोघं खाली लॉबीत बसलो, वर जाऊ देत नाहीत. उल्हास पेपरचं तेच पान वाचत होता. मी जपाची माळ नेली होती, पण मणी मोजताना मिनिटंच मोजली जात होती. दहा, अकरा, बारा. एकदा लिफ्ट उघडली तर कुरिअरवाला. त्याचाही राग आला मला.

सव्वाएकला आले. ऋता म्हणाली, "ठीक झालं. आता काही सांगता येत नाही." यमा गाडीत मागे डोकं टेकून बसला. इंडियाना ओलांडल्यावर आपणहून बोलला.

अधिकारी बाई होत्या, आवाज चढवत नव्हत्या. चौथं पान समोर ठेवलं. तुम्ही त्यांच्या हातावर पाणी घातलं? घातलं. का? पाहुण्यांच्या हातावर घालतात म्हणून. ते पाहुणे होते? यमा म्हणाला, "दारातून आत येणाऱ्याला आमच्याकडे दुसरा शब्द नाही." बाईंनी पेन खाली ठेवलं. तुमच्या आईला भीती वाटली हे तुम्हाला कसं माहीत? मी विचारलं. कधी? दहा दिवसांपूर्वी. बारा वर्षं का नाही विचारलं? यमा म्हणाला, "विचारलं असतं तर मला पुन्हा त्या घरात जेवता आलं नसतं."

मी म्हटलं, "छान बोललास रे!" पुढच्या सीटवरून वळून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. तो खिडकीबाहेर बघत होता, शेतं कापून झालेली होती.

२४ ऑक्टोबर

दिवाळी. काही नाही.

१७ नोव्हेंबर

काही नाही. बर्फ पडलं. ऋता म्हणते धीर धरा. तिला काय जातंय सांगायला? हीलाला ताप आहे, यमा दोन दिवस जेवलेला नाही. मी डबा पोचवला. त्याच्या दारात आधीच एक डबा होता. नीलांबरीचा. झाकणावर तिचं नाव अजून तसंच लाल रंगानं लिहिते. मी माझा डबा शेजारी ठेवून आले.

२२ डिसेंबर

रोज कुणीतरी सांगतं, अमक्याचं झालं, तमक्याचं नाकारलं. नाकारलं ऐकलं की मी फोन ठेवून देते. असं काही झालं तर ते माझ्यामुळे, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी तोंडावर म्हणत नाही. म्हणा की एकदाचं! मी उल्हासवर उगाच ओरडले आज, डिशवॉशरवरून.

१२ जानेवारी २०२३, गुरुवार

मंजूर.

यमा कामावरून फोनवर रडत होता, मी इकडे. उल्हास म्हणाला, कुणीतरी एकानं नीट बोला. मंजूर! चौथ्या पानाबद्दल सूट दिलीय. मी ऋताच्या घरी फोन केला. उचलला नीलांबरीनं. मी म्हटलं, "झालं गं." ती म्हणाली, "हो, ऐकलं. रडू नकोस." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी तिच्याशी बोलले. बरं, घाईत झालं ते.

१५ जानेवारी, रविवार

यमा आणि ऋता दोघंही आले. माणसं आणायचा अर्ज भरायला घेतला. ऋता सांगत होती, मी लिहीत होते. बायको: पलवशा. मुलगी: हीला, वय साडेतीन. मी पान उलटलं. "आणि जरघूनाबाई कुठे लिहायच्या?"

ऋतानं माझ्याकडे बघितलं. "काकू, यात फक्त नवरा-बायको आणि मुलं. आई नाही."

"आई नाही म्हणजे? अगं, तिच्यामुळे तर झालं! त्यांनी मानलं काय, तर तिची भीती. आणि तिलाच जागा नाही?" मी बरंच बोलले. ऋतानं बोलू दिलं. यमा खाली मान घालून बसला होता. त्याला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं, मीच विचारलं नव्हतं.

ऋता गेली. यमा बूट घालता घालता थांबला. म्हणाला, "काकू, एक सांगायचं राहिलंय. ऑक्टोबरात आईला फोन लागला ना, तेव्हा मी आधी सगळं सांगून टाकलं. पलवशाचं, हीलाचं, ते चौथं पान. ती म्हणाली, त्या साहेबाला काय ऐकायचंय? मी म्हटलं, तू घाबरली होतीस, असं. ती म्हणाली, मग सांग, घाबरले होते. आणि मग ते कुत्र्याचं, हाताचं, करपलेल्या भाकऱ्यांचं सांगितलं."

मी म्हटलं, "म्हणजे ते खोटं होतं?"

"मला नाही माहीत. मी जे तिनं सांगितलं तेच बोललो." बुटाची नाडी त्यानं सोडली आणि पुन्हा बांधली. "परवा मंजूर झाल्याचं कळवायला फोन केला, तेव्हा परत विचारलं. आता कुणी साहेब नाही ऐकायला, आई, मला सांग. खरंच घाबरली होतीस, की असदला मनापासून वाढलंस?"

"मग?"

"म्हणाली, ते मला नाही सांगता येणार, बाळा. दार वाजलं की मी पीठ काढते."